टायरवरचा बाण उलटा बसला, तर बिघडतं काय?

पायडल: परवा मागचं चाक पंक्चर. बाभळीचा काटा काढला, ट्यूबला पॅच लावला, टायर बसवला, हवा भरली, हात धुतले आणि मग दिसलं: टायरच्या कडेवरचा, चाक कुठल्या दिशेनं फिरावं ते दाखवणारा बाण मागे तोंड करून बसलाय. हायब्रिड सायकल, ७०० बाय ३५ चे टायर, पुण्यात रोज कोथरूड ते हिंजवडी. मी तसाच ठेवलाय. माझ्या मते डांबरी रस्त्यावर टायरवरची ही खाचांची नक्षी निव्वळ शोभेची. पटत नसेल तर भांडा.

ओला रस्ता: भांडतोच. कंपनीनं बाण काय गंमत म्हणून उमटवला? मोटारीच्या टायरच्या खाचा पाणी बाहेर टाकतात, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पावसाळ्यात चांदणी चौकाचा उतार उतरताना आठवेल तुम्हाला हा धागा.

पायडल: मोटारीचं सायकलला लावू नका. टायर पाण्यावर तरंगायला किती वेग लागतो, याचं नासाचं १९६३ सालचं सूत्र आहे, विमानांच्या टायरसाठी काढलेलं. वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. माझ्या टायरमध्ये ६० पीएसआय. हिशेब येतो ताशी सुमारे १२९ किलोमीटर! आणि ते रुंद, सपाट टायरचं गणित. सायकलचा टायर अरुंद, गोलसर, पाणी आपोआप बाजूला सारतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ताशी १५ मिळाले तरी मी नारळ फोडतो.

काळी माती: शहरी लोकांचं बरं असतं. आमच्याकडे परभणीला पावसाळ्यात येऊन दाखवा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर व्ही असतात ना, त्यांचं टोक जमिनीला आधी टेकलं पाहिजे, म्हणजे चिखल दोन्ही बाजूंना फेकला जातो. उलटा बसवला की चिखल मधे गोळा होतो, खाचा बुजतात आणि चाक जागेवरच फिरतं. नक्षी शोभेची म्हणे!

चिखल्या: काळी मातीशी सहमत, पण अर्धाच. एमटीबीवाल्यांना, म्हणजे डोंगरात सायकल चालवणाऱ्यांना विचारा, दोन चाकांची कामंच उलटी आहेत. मागचं चाक जमिनीला मागे ढकलतं. पुढचं चाक ब्रेक मारताना जमिनीला पुढे ढकलतं. रबराच्या गुंडीची जी कड आधी टेकते ती बऱ्याच टायरवर उतरती असते, चाक हलकं पळावं म्हणून. नंतरची कड उभी, ब्रेकला धरायला. पुढे हे उत्तम. मागे मात्र चढावर पायडल मारताना जोर येतो तो नेमका त्या उतरत्या कडेवर, आणि चाक घसरतं. म्हणून कित्येक जण मागचा टायर मुद्दाम उलटा घालतात. काही टायरवर तर दोन बाण असतात, पुढच्या चाकासाठी एकीकडे, मागच्यासाठी दुसरीकडे. तेव्हा पायडल, तुमची चूक एखाद्याची युक्ती असू शकते.

ओला रस्ता: म्हणजे नक्षीला काम आहे, हे कबूल केलंत!

चिखल्या: चिखलात आहे. डांबरात गुंडी रुतणार कशात? तिथे उलट गुळगुळीत टायरच बरा, रबर जास्त टेकतं. तुमच्या उतारावर पाडणार आहे तो झेब्रा क्रॉसिंगचा ओला रंग नाहीतर गटाराचं लोखंडी झाकण. त्यांच्यापुढे बाण कुठेही असो.

कॅरियरवाली: बाणाचं चालू द्या. मी टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणते. ट्यूबला भोक सापडलं की ते व्हॉल्व्हपासून किती वीत लांब आहे ते मोजायचं, टायरमध्ये काटा नावापासून तेवढ्याच अंतरावर असतो. पायडल, सगळा टायर चाचपत बसला होतात की नाही, खरं सांगा.

पायडल: अर्धा तास. आणि बोटात गेला तेव्हा सापडला.

ओला रस्ता: आता टायर पुन्हा उतरवाच. बाणासाठी नको, नावासाठी तरी.

पायडल: मागचं चाक आहे हो. चेन, गिअर, काळे हात... पुढचं असतं आणि डिस्क ब्रेक नसता, तर टायरला हात न लावता चाकच काढून उलटं बसवलं असतं. पुढच्या पंक्चरला बघू. बाभळी भरपूर आहेत रस्त्याला.