विषय: मुलांच्या ग्रुपमधलं भांडण – शनिवारी वर्गात काय करायचं?

प्रेषक: चिटणीस
मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

नाटकाच्या तालमीसाठी मुलांनी जो ग्रुप केला आहे, त्यावर रविवारी रात्री काय झालं ते बहुतेकांच्या कानावर आलंच असेल. दोन मुलांची वेळेवरून बोलाचाली झाली, बाकीचे त्यात पडले, आणि शेवटी एका तिसऱ्याच मुलीचं रेकॉर्डिंग ग्रुपवर फिरलं. कार्यकारिणीकडे काल दिवसभरात अकरा मेल आल्या. त्यातल्या निम्म्या 'ग्रुप बंद करा' अशा आहेत, निम्म्या 'कुणी सुरू केलं ते शोधा' अशा.

शनिवारच्या मराठी वर्गात यावर बोलायचं ठरतंय. कसं बोलायचं ते सुचवा. एक विनंती: मुलांची नावं नकोत, आणि सहीत आपलीही नकोत, नाहीतर कोण कुणाचं हे दोन मिनिटांत कळेल.

प्रेषक: थोरल्या गटातल्या एकाचे बाबा
मंगळवार, रात्री १०.०५

सुचवण्यासारखं काय आहे त्यात? ग्रुप बंद करा. तालमीच्या वेळा पालकांना मेल करा. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना चोवीस तास एकमेकांच्या अंगावर सोडायचं आणि मग वर्गात बसवून 'प्रेमाने वागा' सांगायचं, हा प्रकार मला झेपत नाही. मंडळाने ग्रुपला परवानगी दिलीच कशी? चिटणिसांनी खुलासा करावा.

प्रेषक: वर्गावरच्या बाई
बुधवार, सकाळी ७.२०

नमस्कार,

ते संभाषण मला तीन मुलांनी आपणहून आणून दाखवलं. तिघांनी वेगवेगळं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की नुसतं वाचलं तरी आपली बाजू खरी ठरेल. मी सगळं वाचलं, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

सुरुवात एका शब्दाने झाली. एकाने लिहिलं, 'तालीम तीनऐवजी दोनला'. दुसऱ्याने उत्तर दिलं, 'बरं.' पूर्णविरामासकट.

हा शब्द जरा तोंडी म्हणून बघा. 'बरं' म्हणजे होकार, 'बरं' म्हणजे कंटाळा, 'बरं' म्हणजे पुढे सांग, 'बरं' म्हणजे बघून घेईन. अर्थ सगळा हेलात असतो. लिहिताना हेल गळून पडतो, आणि वाचणारा आपल्या मनात असेल तो हेल त्याला लावतो. ज्याने वेळ कळवली त्या मुलाला रविवारी तिघांनी आधीच टोकलेलं होतं, त्यामुळे त्याने तिरका हेल लावला. 'एवढा प्रॉब्लेम असेल तर येऊ नकोस.' दुसऱ्याला कळेचना की आपण काय केलं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, 'बाई, मी बसमध्ये होतो, मोबाइलनेच पूर्णविराम टाकला.'

२०१६ साली बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला की ते कमी मनापासूनचं वाटतं. तोच पूर्णविराम हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत खटकत नाही. म्हणजे मुलगा कांगावा करत नव्हता, त्याला ते खरंच तसं ऐकू आलं. लिहिणाऱ्याच्या बाजूनेही गंमत आहेच. क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपण गंभीरपणे लिहिलंय की उपरोधाने, हे समोरचा शंभरात ७८ वेळा ओळखेल. ओळखलं ५६ वेळा. नाणं उडवलं असतं तरी ५० वेळा बरोबर आलं असतं.

पण इथवर ते फक्त दोघांचं होतं आणि दहा मिनिटांत विरलं असतं. पुढे काय झालं ते मी मोजलं. चाळीस मिनिटांत २१२ मेसेज. त्यातले त्या दोघांचे किती? एकोणीस. बाकी सगळे प्रेक्षक. 'ओहोहो', 'आता बघ', टाळ्या, आगीची चित्रं. आणि ते दोघे एकमेकांना लिहीतच नव्हते, ग्रुपला लिहीत होते. २६ जणांसमोर माघार घेणं त्या वयात जवळजवळ अशक्य असतं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये मुलांना गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ खेळायला दिला होता. सोबत मित्र असले की १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना घेतील त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. चोविशीच्या पुढच्यांत तो फरक जवळपास नव्हता. म्हणून 'शहाण्यासारखं गप्प का नाही बसलास' हा प्रश्न घरी विचारून उपयोग नाही. एकटा असता तर बसला असता.

आता विझलं कसं, ते सांगते. कुण्या मोठ्याने विझवलं नाही. एका मुलीने दोघांना वेगवेगळा, खासगी मेसेज केला. दोघांना सारखाच: 'तू चिडलायस ते कळतंय. ग्रुपवर लिहू नको, मला लिही.' दोघांनी तिला लिहिलं. ग्रुपवरचे त्यांचे मेसेज तिथेच थांबले. बाकीच्यांनी अजून पंधरा मिनिटं दंगा केला, पण भांडणारेच नव्हते, मग काय करणार.

शनिवारी मला एवढंच शिकवायचं आहे: प्रेक्षकांतल्या एकाने काय करायचं. भांडणाऱ्यांना शिकवण्यापेक्षा ते सोपं आहे, कारण त्याचं डोकं थंड असतं.

प्रेषक: धाकट्या गटातल्या एकीची आई
बुधवार, दुपारी १.१५

बाईंचं वाचलं, पटलं. पण एक गोष्ट निसटतेय, आणि ती माझ्या घरातली आहे म्हणून लिहिते.

रेकॉर्डिंग माझ्या मुलीचं होतं. तिला 'ळ' जमत नाही. नाटकात तिचं वाक्य आहे, 'मी तुला कधीच टाळलं नाही.' ते ती 'टाललं' म्हणते. सराव म्हणून तिने ते एका मैत्रिणीला पाठवलं होतं, फक्त तिला. रविवारच्या गोंधळात ते ग्रुपवर आलं आणि पाच मिनिटांत त्याचा स्टिकर झाला. चौदा हसणारे चेहरे. सोमवारी ती घरात मराठीत एक शब्द बोलली नाही.

हे भांडण नव्हे. भांडणाला दोन बाजू लागतात. माझी मुलगी कुणाला काही बोललीच नव्हती. मी शाळेत समुपदेशक आहे, आणि मोठ्यांची सगळ्यात नेहमीची चूक मी रोज बघते: एकाला बाकीच्यांनी घेरलेलं असतं आणि आपण दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावतो. ज्याला घेरलंय त्याने तडजोड कशाची करायची? तिथे आधी ते थांबवायचं, स्टिकर काढायला लावायचा, आणि त्या मुलाच्या शेजारी कुणीतरी बसायचं.

फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये वर्गातल्या मुलांच्या भूमिका मांडल्या: त्रास देणारा आणि सोसणारा तर आहेतच, पण त्याला साथ देणारे, हसून चेव आणणारे, बाजूला उभे राहणारे आणि सोसणाऱ्याची बाजू घेणारेही. त्यावरूनच पुढे तिथे 'किवा' हा शालेय कार्यक्रम आला, आणि त्याचा सगळा भर बघ्यांवर आहे. माझ्या मुलीचं रेकॉर्डिंग टाकणारी एक होती. हसणारे चौदा. तिला जास्त कोण लागलं असेल, सांगा.

त्या शांत मुलीने भांडणारे दोघे सोडवले, कौतुकच आहे. पण माझ्या मुलीला त्या रात्री एकानेही मेसेज केला नाही. 'मला आवडलं तुझं वाक्य' एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. शनिवारी हेही शिकवा.

प्रेषक: एक आजोबा
बुधवार, संध्याकाळी ६.३०

मंडळी, मी चाळीस वर्षं संगणकावर काढली, म्हणून आगाऊपणा करतो. तो हसरा चेहरा जन्मलाच ह्या घोटाळ्यातून. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकावरच्या सूचनाफलकावर एकाचा विनोद दुसऱ्याला कळेना, लोक खरंच चिडत. १९ सप्टेंबर १९८२ ला स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोद असेल तिथे विसर्गचिन्ह, आडवी रेघ आणि कंस काढा. भांडण टाळायला काढलेलं चिन्ह, आणि आज तेच पोरीला रडवतं. असो.

आमच्या वेळी चिडलो की पत्र लिहून काढायचो, मनातलं सगळं, आणि रात्रभर उशाशी ठेवायचो. सकाळी निम्मी पत्रं फाडली जायची. मुलांना तेच सांगा: सगळी भडास लिहून काढा, फक्त पाठवू नका.

बाकी मुलांना बोल लावण्याआधी गेल्या वर्षीचा हॉलच्या बुकिंगचा धागा आठवा. याच यादीवर, ६४ मेल, सगळ्या 'सर्वांना उत्तर'. माझ्या त्यातल्या सात.

प्रेषक: वर्गावरच्या बाई
बुधवार, रात्री ८.५०

आजोबा, उशाशी ठेवणं घेते, भडास तेवढी सोडते. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये चिडलेल्या लोकांना पंचिंग बॅगवर राग काढायला लावला. ज्याने चिडवलं त्याचाच विचार करत ठोसे मारणारे अधिक चिडले. काहीच न करता बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. तुमची पत्रं फाडली गेली ती लिहिल्यामुळे नव्हे, रात्र मध्ये गेल्यामुळे असावीत! शिवाय मोबाइलमध्ये 'लिहा' आणि 'पाठवा' यांच्यात बोटभरही अंतर नसतं. मुलांना मी सांगेन, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

ताई, तुमचं म्हणणं मान्य. माझ्या मेलमध्ये तुमची मुलगी एका ओळीतही नव्हती, हे वाचल्यावर लक्षात आलं. क्रम बदलते. शनिवारी आधी प्रश्न हाच: हे दोघांचं भांडण आहे, की एकाला घेरलंय? आणि तिसरा प्रकारही सांगावा लागेल. धमकी असेल, कुणाचे कपड्यांशिवायचे वगैरे फोटो असतील, कुणी 'मला जगायचं नाही' म्हणत असेल, तर मध्यस्थी वगैरे काही नाही, ताबडतोब मोठ्या माणसाला सांगायचं. स्क्रीनशॉट काढायचा तो त्याला दाखवायला, पुढे पाठवायला नाही.

बाकी मी वाक्यं पढवणार नाही. मोठ्यांनी लिहून दिलेलं वाक्य मुलांनी ग्रुपवर टाकलं की त्याचाही स्टिकर होतो. कागद वाटेन, त्यावर 'बरं.' लिहिलेला असेल. प्रत्येकाने तो चार हेलांत वाचून दाखवायचा. मग आपापल्या भाषेत लिहायचं: भांडणाऱ्या मित्राला खासगीत काय लिहाल, आणि ज्याला घेरलंय त्याला काय लिहाल.

प्रेषक: थोरल्या गटातल्या एकाचे बाबा
गुरुवार, सकाळी ८.१०

काल रात्री चिटणिसांचा फोन आला. माझ्या मेलला यादीवर उत्तर देतील म्हणून मी तयारीतच बसलो होतो, दुसरी मेल लिहूनही ठेवली होती. त्या फक्त म्हणाल्या, 'तुम्ही फार चिडलेले वाटलात, काय झालंय?' अर्धा तास बोललो. ती दुसरी मेल पाठवलेली नाही.

'येऊ नकोस' लिहिणारा माझा मुलगा. रात्री त्याला विचारलं की ग्रुप बंद करायचा का. म्हणाला, 'मग ते दुसरा काढतील आणि त्यात मी नसेन.' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ग्रुप राहू द्या.

ताई, तुमच्या मुलीच्या रेकॉर्डिंगवर हसणाऱ्या चौदांत माझाही आहे का, ते मी अजून विचारलेलं नाही. आज विचारतो.

प्रेषक: चिटणीस
गुरुवार, दुपारी १२.३०

स्टिकर बनवणाऱ्या मुलाने काल तो स्वतःहून काढला, पण ज्यांनी साठवून ठेवलाय त्यांच्याकडे तो आहेच. घरोघरी मोबाइल न हिसकावता बघा आणि मुलांकडूनच काढून घ्या.

वर्ग साडेदहाला, वरच्या खोलीत. प्रोजेक्टर बंद आहे, तेव्हा बाई, कागदाचं उत्तमच. तालीम नेहमीप्रमाणे त्यानंतर. दोनला.