मदत हवी आहे: न्यू मेक्सिकोतल्या मावससासूबाईंच्या स्पॅनिश गोष्टी रेकॉर्ड करायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीला राहते. नवरा इथलाच, त्याचं गाव सांता फेच्या उत्तरेला, एस्पान्योलाच्या खोऱ्यात. १५९८ साली स्पॅनिश लोक इथे वस्तीला आले, तेव्हापासून डोंगराआड राहिलेली इकडची स्पॅनिश आजही वेगळीच ऐकू येते. माझ्या मावससासूबाई ८८ वर्षांच्या आहेत. पेद्रो दे उर्देमालेसच्या लबाड्या, अस्वलाचा मुलगा हुआन ओसो, पाटाकाठी रडत फिरणारी योरोना, सगळं त्यांना तोंडपाठ. म्हणी आणि कोडी तर विचारूच नका. त्यांच्या लहानपणी शाळेत स्पॅनिश बोललं की छडी बसायची, म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलांशी इंग्रजीच ठेवली. नातवंडांना तर या गोष्टी समजतही नाहीत. मावशींच्या आवाजात त्या राहाव्यात, एवढंच मनात आहे.

अडचण अशी की, रेकॉर्डर समोर ठेवून मी एकटी बसले की मावशींची गोष्ट आटते. माझ्यासाठी सोपं करून सांगतात, संवाद गाळतात, पाच मिनिटांत संपवतात. पण शेजारच्या त्यांच्याच वयाच्या बाई भाजलेल्या मिरच्या सोलायला आल्या की तीच गोष्ट दुप्पट होते. पेद्रो मालकाची डुकरं परस्पर विकतो, शेपट्या तेवढ्या कापून चिखलात रोवतो आणि डुकरं बुडाली म्हणून बोंब ठोकतो. मालक शेपटी धरून ओढतो आणि उताणा पडतो, तिथे मावशी खुर्चीत खरोखर मागे जातात. पेद्रोची बोंब मात्र शेजारीणबाईच ठोकतात, ती जणू त्यांचीच ठरलेली जागा आहे. मला वाटतं खरी गोष्ट ती, दोघींची मिळून. तीच रेकॉर्ड व्हायला हवी.

पण मग दोन आवाज एकमेकांवर चढतात आणि मिरच्यांच्या परातीचा आवाज वेगळाच. शिवाय उन्हाळ्यात घरात आपल्या नागपूरसारखा पाण्याचा कूलर चालू असतो, तो बंद करून या वयाच्या माणसांना उकाड्यात बसवणं मला पटत नाही. दोघींना वेगवेगळे कॉलर माइक लावून दोन ट्रॅक घ्यावेत का? रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्ह फाइल करतो, त्याची चिंता नाही. हातवाऱ्यांसाठी कोपऱ्यात कॅमेरा ठेवला तर त्या अवघडतील का, हा अनुभव कोणाला आहे?

उतरवून घेण्याबद्दलही विचारायचंय. मशीनकडून लिहून घेतलं तर ते मावशींचं ‘असीना’ खोडून पुस्तकी ‘असी’ करतं, ‘त्रूहे’चं ‘त्राहे’ करतं. मला त्यांची रूपं जशीच्या तशी हवीत. ईलान (रेकॉर्डिंग ऐकत वेळेनुसार मजकूर उतरवायचं सॉफ्टवेअर) वापरून कोणी मराठी बोलीचं काम केलंय का? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखावर ओव्या उतरल्या. त्या कामाजवळचं कोणी इथे असेल, तर बायकांचे उच्चार लिहिताना काय धोरण ठेवलं होतं ते जरूर सांगा.

शेवटचं, आणि मला सगळ्यात नाजूक वाटणारं. मावशींना आलाबादो, म्हणजे लेंटमधली (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातली) भजनं, येतात. ती रेकॉर्ड कर, पण घराबाहेर जाऊ देऊ नकोस, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. भाच्याला सगळंच यूट्यूबवर टाकायचंय. लोकसाहित्याचे अभ्यासक हुआन राएल यांनी १९४० साली याच भागात रेकॉर्ड केलेली अशी भजनं आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर कोणीही ऐकू शकतं, हे त्याचं म्हणणं. मला ते इथे लागू वाटत नाही. मावशींचा शब्द शेवटचा. गोष्टी मात्र इथल्या विद्यापीठाच्या सेंटर फॉर साउथवेस्ट रिसर्चकडे द्याव्यात असं वाटतं, तिथे इथलं लोकसंगीत गोळा करणारे जॉन रॉब यांची जुनी रेकॉर्डिंग्जही आहेत. तर संमती प्रत्येक गोष्टीआधी रेकॉर्डिंगवरच तोंडी घ्यावी की कागदावर सही? कागद पाहिला की मावशी बिचकतात. कोणाकडे साध्या भाषेतला नमुना असेल तर मराठीतलाही चालेल, मी स्पॅनिश करून घेईन.

मिरच्यांचा हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होईल, तेव्हा दोघी रोज एकत्र बसतील. त्याआधी माइक मागवायचे आहेत, म्हणून निदान त्याबद्दल तरी लवकर कळवा.