प्रलयानंतरच्या सिनेमात गरीब नेहमी शेवटच्याच डब्यात का?

चहाबाज: काल रात्री स्नोपिअर्सर परत बघितला, २०१३ चा. जग गोठलंय, उरलेली माणसं एका ट्रेनमध्ये, पुढे सुशी चालू आणि शेवटच्या डब्यात झुरळांच्या वड्या. भारी आहे पण एक खटकतं, खरी विषमता एवढी सरळ रेषेत असते का? डबे मोजले की कोण कुठला ते कळलं, असं कुठे असतं?

घाटवाट: असतं की. केप टाऊन, २०१८. तीन वर्षं धड पाऊस नाही, धरणं तळाला, पालिकेने डे झिरोची तारीखच काढली, त्या दिवसापासून नळ बंद आणि २०० एक ठिकाणी रांगा लावून माणशी २५ लिटर. बंगलेवाल्यांनी पटापट बोअर मारले. आणि खायेलित्शा नावाच्या तिथल्या गरीब वस्तीत पत्र्याच्या घरात राहणारे आधीपासूनच सार्वजनिक नळावर बादल्या घेऊन उभे, त्यांचा डे झिरो कधीच होऊन गेलेला!! शेवटी पाऊस पडला आणि ती तारीख टळली. रेषेचं म्हणशील तर तिथे सरकारनेच नकाशावर आखलेली, कोणत्या वर्णाच्या माणसाने कुठे राहायचं याचा १९५० चा कायदाच होता.

वाचनवेडी: (शेवट सांगतेय, बघितला नसेल तर पुढे जा) पण सिनेमात तरी कुठे सरळ आहे, इंजिनवाला आणि मागच्या डब्यातला म्हातारा आतून मिळालेले असतात की. आणि इंजिनचा पार्ट संपला म्हणून तिथे मागची लहान पोरं बसवलेली. मला तर काँगोतल्या कोबाल्टच्या खाणी आठवल्या, तिथेही पोरं राबतात आणि ते कोबाल्ट आपल्या फोनच्या बॅटरीत.

लातूरकर: ट्रेनचं म्हणाल तर आमच्याकडे २०१६ ला खरीच आलेली, मिरजेहून, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर पाणी घेऊन. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावलेली तेव्हा. आमच्या गल्लीत घागरी घेऊन रात्र काढणारे होते आणि टँकर विकत घेणारे पण. मी टँकरवाल्यातला. सिनेमा बघताना मात्र मागच्या डब्याच्या बाजूने ओरडत होतो 😅

चहाबाज: हां, हेच मला नीट विचारता येत नव्हतं. मध्ये एक शिंपी आणि एक दाताचा डॉक्टर दिसतात बघा दोन सेकंद, आपापलं काम करत बसलेले. मागच्या डब्यातून इंजिनकडे निघालेला हिरो त्यांच्यापाशी थांबत पण नाही.