मदत हवी आहे: ग्रो टेंटमध्ये कढीपत्ता आणि मिरची (एडमंटन, हिवाळा)

हिरवाचुडा:

नमस्कार मंडळी,

एडमंटनला भाड्याच्या घरात, बेसमेंटमध्ये राहतो. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम साडेसात तासांचा. आमची एकुलती एक खिडकी जमिनीलगत आणि तीही बर्फाने अर्धी बुजलेली. इंडियन स्टोअरमधला कढीपत्ता बहुतेक वेळा काळवंडलेला, आणि किंमत अशी की फोडणीत टाकताना हात आखडतो. म्हणून यंदा ग्रो टेंट (घरात दिव्याखाली रोपं वाढवायचा तंबू) घेतला. दोन बाय चार फूट, उंची पाच फूट, आतून चंदेरी अस्तर. सोबत 100 वॉटचा एलईडी, एक्झॉस्ट पंखा आणि कार्बन फिल्टर, असा संचच मिळाला.

अडचण अशी की हा तंबू ज्या पिकासाठी विकतात ते पीक वेगळं आहे! कॅनडात ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे आणि बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावता येतात (क्विबेकमध्ये नाही). त्यामुळे पुस्तिका, व्हिडिओ, दुकानदाराचा सल्ला, सगळं त्याच झाडाचं. दुकानातल्या पोराला कढीपत्ता म्हणून सांगितलं तर त्याने चक्क डोळा मारला. घरमालकांनीही फटीतला उजेड पाहून दार ठोठावलं, कारण भाडेकरारात गांजाला मनाई आहे. त्यांना आत बोलावून एक पान चुरगळून हुंगायला दिलं तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. आता तेच अधूनमधून दोन काड्या मागून नेतात, ते असो.

आत कढीपत्त्याची दोन रोपं आहेत, एक गुडघ्याएवढं आणि एक वीतभर, शिवाय लवंगी मिरचीच्या तीन कुंड्या. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे दिवा 18 तास आणि पंखा चोवीस तास चालू असतो. तापमान दिवा लागलेला असताना 27 अंश, बंद झाला की 16. आर्द्रता 22 टक्क्यांवर अडकून बसली आहे.

कढीपत्त्याची नवी पालवी पिवळी येते, पण पानांच्या शिरा हिरव्याच राहतात. खालची जुनी पानं ठणठणीत आहेत. मिरचीला फुलं भरपूर येतात, मग देठापाशी पिवळी पडून टपाटप गळतात. फुलांसाठी उजेड 12 तासांवर आणावा असं पुस्तिका म्हणते. मिरचीलाही तसंच करायचं का?

आई फोनवर रोज एकच सांगते, आंबट ताक घाल. घालू का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

ठेचा:

आधी ती पुस्तिका मिटून कपाटात ठेवा.

12 तासांची भानगड गांजाची आहे. ते झाड रात्र मोठी झाली की फुलावर येतं, म्हणून त्याला मुद्दाम अंधार देतात. मिरचीला दिवस लहान की मोठा याचं सोयरसुतक नाही, ती वयात आली की फुलते. 12 तास केलेत तर उगाच उजेड कमी पडेल. दोन्ही झाडांना मिळून 14 ते 16 तास ठेवा आणि रात्रीचा अंधार नीट मिळू द्या. 14 तासांच्या हिशेबाने 100 वॉटचा दिवा महिन्याला साधारण 42 युनिट खातो, म्हणजे 18 तासांपेक्षा बिलही उतरेल.

फोनवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं ॲप मिळतं. शेंड्याशी फोन धरून बघा. पांढऱ्या एलईडीखाली 20,000 लक्सच्या आसपास आकडा आला तर कढीपत्ता खूश. मिरचीला त्याहून जास्त लागतो, तेव्हा तिच्या कुंड्या विटांवर चढवून दिव्याच्या जवळ न्या.

दुसरं म्हणजे पंखा. चोवीस तास एक्झॉस्ट आणि कार्बन फिल्टर हे गांजाच्या वासासाठी असतं. कढीपत्त्याचा वास लपवायची गरज काय? फिल्टर काढून टाका. हिवाळ्यात तुमच्या घरातली हवा हीटिंगमुळे आधीच कोरडी, त्यात तो पंखा टेंटमधली उरलीसुरली ओल ओढून बाहेर फेकतो. अगदी कमी वेगावर किंवा टायमर लावून दिवसातून थोडा वेळ चालवा. आत मात्र एक छोटा क्लिपवाला पंखा हलता राहू द्या, कोंदट हवेत बुरशी धरते. आर्द्रता 50च्या पुढे गेली की मिरची फळ धरू लागेल. आत मधमाशी येणार नाही, तेव्हा फुलं उमलली की देठावर बोटाने हलकी टिचकी मारायची. दुपारी मारा, तेव्हा पराग सुटा असतो.

मातीतलेहात:

ठेचा यांच्याशी सहमत. पिवळ्या पालवीचं मी सांगते.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. नत्र कमी असतं तर जुनी पानं आधी पिवळी पडली असती. आणि लोह मातीत नसतं असं नाही, माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते उचलता येत नाही. तुमच्याकडचं नळाचं पाणी जड आहे, त्यातला चुना कुंडीत साठत जातो. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे लिंबाची ही खोड त्यालाही आहे.

आता एक प्रश्न विचारते, नीट बघून सांगा. घरात वॉटर सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) आहे का? फर्नेसच्या खोलीत उंच टाकी आणि शेजारी मिठाचा पिंप असतो. त्याचं पाणी घालत असाल तर ताबडतोब थांबवा. त्यात चुन्याच्या जागी सोडियम येतं आणि ते कुंडीत साठतं.

ताकाबद्दल. आईंचं चुकत नाही. अंगणातल्या झाडाला आंबट ताक आपण सगळेच घालतो, तिथे ऊन-वारा आहे, गांडुळं आहेत. बंद तंबूत तेच ताक नासेल, वास मारेल आणि मातीवर चिलटं घोंघावतील. त्याऐवजी पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) 6 ते 6.5 वर आणा (हायड्रोपोनिक्सच्या दुकानात त्याची बाटली मिळते, अगदी थेंबाथेंबाने घाला) आणि चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) द्या. पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघा, ते अल्कधर्मी मातीतही टिकतं. ईडीटीए तिथे फारसं कामाचं नाही. पिवळी झालेली पानं लगेच हिरवी झाली नाहीत तर घाबरू नका, पुढची पालवी बघा.

कुंड्या थेट काँक्रीटवर आहेत का? असतील तर खाली थर्माकोलचा जाड तुकडा सरकवा. मुळं गार आणि माती ओली राहिली तर कढीपत्ता कुजतो, वरून कितीही उजेड द्या.

पुणेरीभोचक:

छान धागा! असा तंबू पुण्यात मागवला तर पोलीस येतील का हो? ;)

ठेचा:

तंबूला कोण विचारतंय, आत काय लावता त्यावर आहे. भारतात गांजाची लागवड 1985च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आणि पुण्यात कढीपत्त्याला तंबू कशाला, बाल्कनी द्या की त्याला.

हिरवाचुडा:

सगळ्यांचे आभार! सॉफ्टनर निघाला. घरमालक म्हणाले की स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ त्याला जोडलेला नाही, आता तिथून पाणी आणतो. थर्माकोलही सरकवला.

पण कुंड्या उचलताना आणखी एक दिसलं. मिरचीच्या पानांवर सुईने टोचल्यासारखे बारीक पांढुरके ठिपके आहेत. मोबाईलचा टॉर्च मागून धरला तर पान आणि देठाच्या बेचक्यात कोळिष्टकासारखी तार चमकते, आणि त्यावर काहीतरी हळूहळू सरकतंय. हे काय?

मातीतलेहात:

लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. कोरडी, उबदार हवा त्याला फार मानवते, म्हणून 22 टक्क्यांवर तो आलाच. कढीपत्ता आजच त्या मिरच्यांपासून वेगळा काढा.

मिरचीची कुंडी बाथटबमध्ये आडवी धरा आणि पानांच्या खालच्या बाजूने शॉवर मारा, जोरात. माती वाहू नये म्हणून कुंडीच्या तोंडावर प्लॅस्टिक बांधा. पानं सुकली की इन्सेक्टिसायडल सोप (झाडांवर फवारायचा कीडनाशक साबण) फवारा, दिवा बंद असताना, नाहीतर पानं भाजतात. साबणाने अंडी मरत नाहीत, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा, आणि तसंच आणखी दोन-तीनदा. तंबूचं अस्तर आणि झिपच्या घड्या ओल्या फडक्याने पुसून घ्या, तिथेही ते दडून बसतात. कढीपत्त्यावर फवारणी करायची वेळ आली तर बाटलीवरची सूचना वाचा, आणि पानं फोडणीत टाकण्याआधी चांगली धुवा. घरमालकांच्या काड्याही तोवर बंद.