बावीस वर्षांनी लिनक्सकडे: आधी काय तपासू?

जुनंखोड: बावीस वर्षं विंडोज या एकाच प्रणालीवर काढली. परवा हिशेबाची शीट अर्धी भरून पाणी प्यायला उठलो. परत येतो तर पडद्यावर चक्र फिरतंय, ‘अपडेट ३० टक्के’. शीट गेली ती गेलीच. आता तर मेनूतही जाहिराती! लॅपटॉप धडधाकट आहे, ८ जीबी रॅम. आता विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकायची म्हणतोय. तिच्या प्रकारांपैकी उबुंटू की मिंट?

पेंग्विनवाला: मिंट. उबुंटूवरच बेतलंय, पण त्याच्या सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपमध्ये मेनू खाली डावीकडेच सापडतो, हात चुकत नाही. लगेच काही पुसू नका. आयएसओ, म्हणजे मिंटची इन्स्टॉलची फाइल, पेनड्राइव्हवर चढवा आणि तिथूनच लॅपटॉप चालू करा. ‘इन्स्टॉल’ दाबेपर्यंत तुमची डिस्क जशीच्या तशी. वायफाय, आवाज, प्रिंटर बघा. झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का, तेही बघा. माझा पहिला लॅपटॉप तिथेच अडला होता.

शीटबहाद्दर: एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली, आहेत का? लिनक्सवर एक्सेलच्या जागी वापरायचं लिबरऑफिस फाइल उघडेल, पण मॅक्रो चालतीलच असं नाही. माझे दोन नव्याने लिहावे लागले.

जुनंखोड: पेनड्राइव्हवरूनच लिहितोय! वायफाय, प्रिंटर चालले. झाकणही पास. स्कॅनर मात्र ढिम्म. मॅक्रो एकच आहे, तोही बेरजेचा. रविवारी बॅकअप घेऊन बसतो.