मदत हवी आहे : असल उत्तरच्या लढाईत पायदळ आणि रणगाड्यांचा मेळ

सप्टेंबर 1965 च्या भारत-पाक युद्धात पंजाबमधील खेमकरणजवळच्या असल उत्तर या छोट्या गावाभोवती झालेल्या लढाईसंबंधी जाणकारांची मदत हवी आहे. भारताच्या चौथ्या पर्वतीय डिव्हिजनने घोड्याच्या नालेच्या आकाराची संरक्षणफळी उभारली, शेतांत पाणी सोडले आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतू लागल्यावर उसात दबा धरलेल्या भारतीय सेंच्युरियन रणगाड्यांनी त्यांच्यावर जवळून मारा केला, इथपर्यंतचे चित्र स्पष्ट आहे.

माझा प्रश्न पायदळाविषयी आहे. चीमा गावाजवळ चौथ्या ग्रेनेडियर्स या पायदळ पलटणीचे अब्दुल हमीद जीपवरच्या 106 मिमी रिकॉइललेस (डागताना वायूचा झोत मागे सोडणाऱ्या) तोफेतून गोळा डागत आणि मागे उसळणाऱ्या धुळीमुळे जागा उघडी पडत असल्याने लगेच जीप हलवत. उंच उसात अशी सतत सरकणारी जीप आणि खंदकांतील जवान नेमके कुठे आहेत, हे आपल्याच रणगाड्यांना कसे कळवले जात असे? वायरलेसवरून, की माऱ्याच्या हद्दी आधीच आखून दिलेल्या होत्या? बहुतेक वर्णने शौर्यापाशीच थांबतात (ते स्वाभाविकही आहे), म्हणून पलटणीचा इतिहास किंवा त्या भागाचा लष्करी नकाशा कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया कळवावे.