मदत हवी आहे: मागची ॲप्स बंद केल्याने बॅटरी खरंच वाचते का?

नमस्कार मंडळी,
मला एक खोड आहे. फोन खिशात टाकण्याआधी चौकोनाचं बटण दाबायचं आणि यादीतली सगळी ॲप्स वर ढकलून साफ करायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा सहज. भाऊ म्हणतो, याने बॅटरी उलट जास्त खाते. मला पटत नाही. पण सकाळी फुल असलेला फोन पाच वाजता वीस टक्क्यांवर असतो, हेही खरं. अँड्रॉइड आहे, दोन वर्षं जुना. काय करू?

प्रतिसाद १
भावाचं ऐका. यादीत दिसतं ते सगळं चालू असतंच असं नाही. बहुतेक ॲप्स रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या मेमरीत, नुसती पडून असतात. रॅम भरलेली असो की रिकामी, वीज जवळपास तेवढीच लागते. जागा कमी पडली की अँड्रॉइड स्वतःच जुनी ॲप्स काढून टाकतं. तुम्ही ती हाकलता आणि दहा मिनिटांनी तेच ॲप उघडता, तेव्हा सगळा पसारा पहिल्यापासून मांडावा लागतो. खर्च तिथे होतो.
आयफोनचंही तेच. 2016 मध्ये एकाने थेट ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना ईमेल करून हे विचारलं होतं. उत्तर ॲपलच्या सॉफ्टवेअरचं काम बघणाऱ्या क्रेग फेडरिगी यांनी दिलं: गरज नाही.

प्रतिसाद २
सरसकट नाही हं. नकाशा रस्ता दाखवत असेल, एखादं ॲप अडकून फोन तापत असेल, तर जरूर बंद करा. पण आधी सेटिंगमध्ये बॅटरी वापर बघा, चोर तिथेच सापडेल. आणि सेटिंगमधलं 'फोर्स स्टॉप' (ॲप जबरदस्तीने थांबवणं) जपून. ते ॲप पुन्हा उघडेपर्यंत त्याच्या सूचना येत नाहीत.

धागाकर्ता
बघितलं. स्क्रीन पहिली, ते अपेक्षितच होतं. दुसरं निघालं हवामानाचं ॲप! दिवसभरात उघडलं दोन मिनिटं, मागे चाललं सहा तास. लोकेशन 'नेहमी' वर होतं, ते 'वापरताना'च केलं. आज पाचला एकेचाळीस टक्के. ढकलणंही बंद केलंय, बोटं मात्र शिवशिवतात. भावाला अजून सांगितलेलं नाही.

एक राहिलंच: रेंज नसलेल्या तळघरात काम असतं तेव्हा बॅटरी झरझर उतरते. तेही ॲपमुळेच का?

प्रतिसाद २
नाही, तो रेंजचा खेळ. सिग्नल शोधताना फोन जास्त जोर लावतो. तिथे एअरप्लेन मोड लावा, वायफाय असेल तर तेवढंच चालू करा.